मेंढपाळीची वाट आणि संकराची कसोटी

कोकणातील पेण-रोहे भागातील गागोदे बुद्रुकचे नाव निघाले, की १८९५ साली तेथे जन्मलेल्या विनोबांचे आणि त्यांच्या भूदानाचे स्मरण होते. परंतु त्याच परिसराच्या शेतीशी ज्यांचा दरसालचा संबंध आहे, ज्यांचा संसार घोड्याच्या पाठीवर चालतो आणि ज्यांच्या मेंढरांनी दुसऱ्याची जमीन कसदार होते, त्या धनगरांविषयी मी आज बोलणार आहे.

कोकणचा मुसळधार पाऊस मेंढीला मानवत नाही. ओल्या जमिनीत तिचे खूर कुजतात आणि पोटात जंत वाढतात. म्हणून पावसाळा घाटावरच्या कोरड्या माळरानांवर काढून धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे तळ, दिवाळीच्या सुमारास खाली उतरतात, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत मेंढरे बसवितात, आणि मृगापूर्वी माघारी फिरतात. रात्रभर वाघरीच्या जाळीत बसलेल्या कळपाचे लेंडीखत शेतात पडते, व शेतकरी त्याचा मोबदला धान्याने वा पैशाने चुकता करतो. अशी ही उभयपक्षी हिताची जुनी वहिवाट आहे.

या वाटचालीत टिकली ती दख्खनी मेंढी, काळसर, राठ लोकरीची आणि अत्यंत काटक. मऊ लोकरीच्या उद्देशाने सरकारी प्रक्षेत्रांवर मेरिनोसारख्या परदेशी नरांशी तिचा संकर करण्यात आला. परंतु घोंगडीला राठ लोकरच लागते, आणि परदेशी रक्ताला जी निगा व जो चारा हवा, तो भटक्या कळपात मिळत नाही.

फलटण येथे बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापिलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने निराळा मार्ग धरला, लोकरीऐवजी कोकरांची संख्या वाढविण्याचा. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. उलट सुंदरबनातील गॅरोल मेंढी, देहाने अगदी लहान असूनही, जुळी-तिळी देते, आणि हा गुण मुख्यत्वे एकाच जनुकाच्या अधीन आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियास गेलेल्या मेंढ्यांतून तोच जनुक तेथील एका मेरिनो वंशात उतरला असावा, असे मानतात. संस्थेने गॅरोलचा हा जनुक संकराने दख्खनीत आणिला, पुढील पिढ्यांत दख्खनी रक्ताचा अंश वाढवून अंगलट पुन्हा मिळविली, आणि रक्ततपासणीने जनुकधारी एडका निवडण्याची सोय केली. या वाणास ‘नारी सुवर्णा’ म्हणतात.

परंतु जुळी कोकरे म्हणजे मातेवर दुप्पट दुधाचा भार. तिला गाभणपणी व विल्यावर पुरेसा चारा न मिळाल्यास वाढलेली संख्या मरणानेच घटते. ज्या संकराने काटकपणा जातो, तो भटक्या मेंढपाळाच्या कामाचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मेंढपाळ बंधूंनी एडका निवडताना त्याच्या मातेचे दूध व पायांचे बळ अवश्य पाहावे. आणि कोकणातील शेतकरी बांधवांनी उतरलेल्या वाड्याला पाणी, वाट व मोकळे खाचर देण्यात हात आखडता घेऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.