दगडाची साक्ष

आमच्या विदर्भातल्या भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट सापडतात. दोन्हींत घटक तेच: अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन. अँडालुसाइट हा त्यांचा तिसरा भाऊ. कमी दाबाखाली अँडालुसाइट घडतो, जास्त दाबाखाली कायनाइट, तर फार तापल्यावर सिलिमनाइट. पुढे खडक वर येऊन निवला, तरी स्फटिक सहसा जुन्या रूपात परतत नाही. थंडाव्यात अणूंची हालचाल मंदावते. म्हणून तो खडक किती दबला, किती तापला, हे भूशास्त्रज्ञाला वाचता येतं.

माझे अब्बा फार कमी बोलत. त्यांच्या तळहातावरचे घट्टे मी रोज पाहिले, पण ते कशाने पडले हे कधी विचारलं नाही. दगड कोट्यवधी वर्षं वाट पाहतो. अब्बा तेवढे थांबले नाहीत. तुमच्या घरी कुणी असं गप्प असेल, तर आजच विचारा.