होडीतून ड्रोन उडवताना

मालवणच्या समुद्रात डॉल्फिन दिसले की हल्ली मोबाइलसोबत ड्रोनही बाहेर निघतो. वरून दिसणारा किनारा खरोखर देखणा असतो. पण होडीवरून ड्रोन उडवणं म्हणजे मैदानातला खेळ नव्हे.

बहुतेक ड्रोन सिग्नल तुटला की उडाल्या जागी परत येतात. तोवर होडी प्रवाहाबरोबर पुढे गेलेली असते आणि ड्रोन थेट पाण्यात उतरतो. म्हणून 'परतीची जागा' होडीबरोबर बदलत ठेवा. इंजिनाच्या लोखंडाने ड्रोनचं होकायंत्र बिघडतं, तेव्हा उड्डाण इंजिनापासून दूर, होडीच्या नाळेवरून करा. सकाळी मतलई वारा मंद असतो, तीच वेळ उत्तम. दुपारचा खारा वारा जोरात सुटतो आणि बॅटरी भराभर संपवतो.

आता महत्त्वाचं. समुद्रगरुडाच्या घरट्यावर ड्रोन घिरट्या घालू लागला, तर पक्षी अंडी सोडून उठतो आणि ती उन्हात उघडी पडतात. डॉल्फिनने दिशा बदलली, वारंवार बुडी मारली, तर लगेच मागे फिरा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे. तिथे चित्रीकरणासाठी वनविभागाची परवानगी आधी घ्या. चिपीचा विमानतळही जवळच आहे. म्हणून उड्डाणापूर्वी 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा नक्की पाहा.