लाकडी कार्यालये आणि कार्बनचा हिशेब



कार्यालयीन इमारत म्हटली की सिमेंट-काँक्रीटची चौकट आणि काचेचे आवरण डोळ्यांसमोर येते. पर्यावरणाच्या चर्चेत अशा इमारतीच्या वीजवापरावरच भर असतो. सिमेंट व पोलाद तयार होतानाच जो कार्बन वातावरणात गेला, त्याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. चुनखडी भाजताना तिच्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड तर इंधन बदलूनही टळत नाही.

घनलाकडी बांधकामाचा विचार या पार्श्वभूमीवर पुढे आला. यातील लाकूड म्हणजे जुन्या वाड्यांतील सागवानी खांब नव्हेत. सूचिपर्णी वृक्षांच्या फळ्या सुकवून, त्यांचे थर परस्परांशी काटकोनात रचून दाबाखाली चिकटविले जातात. १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया व जर्मनीत विकसित झालेले हे क्रॉस लॅमिनेटेड टिंबर भिंती व स्लॅबच्या जागी वापरतात. खांब-तुळयांसाठी एकाच दिशेने थर जोडलेले ग्ल्यूलॅम असते. वजन काँक्रीटच्या सुमारे एक-पंचमांश असल्याने पायाही हलका पुरतो.

आगीचे काय, हा प्रश्न स्वाभाविकच. जाड लाकूड पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर या वेगाने कोळसते आणि हाच कोळसा आतील भागाला उष्णतेपासून वाचवितो. म्हणून तासाभराच्या संरक्षणासाठी सुमारे ४० मिलिमीटर जादा जाडी हिशेबात धरली जाते.

झुरिच येथील तामेदिया या वृत्तसमूहाचे सातमजली कार्यालय २०१३ मध्ये पूर्ण झाले. जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी त्याच्या स्प्रूस लाकडाच्या सांगाड्याचे सांधे धातूचे जोड न वापरता लाकडातच बसविले. काचेतून हा सांगाडा रस्त्यावरूनही दिसतो. त्याच वर्षी सिअ‍ॅटलमध्ये सुरू झालेल्या सहामजली बुलिट सेंटरमध्ये खालचे दोन मजले काँक्रीटचे, वरचे चार लाकडी आहेत. लाकूड सर्वत्र वापरण्याचा हट्ट तेथे धरलेला नाही, हे विशेष.

तथापि लाकूड आपोआप पर्यावरणस्नेही ठरत नाही. तोडलेल्या वनाची पुन्हा वाढ झाली नाही, किंवा पाडकामानंतर तुळया जाळल्या गेल्या, तर साठविलेला कार्बन पुन्हा हवेतच जातो.

भारतात केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या कामांत लाकडाच्या वापरावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठविण्यात आली. परंतु केवळ परवानगीने इमारत उभी राहत नाही. वाळवी व पावसाळी दमटपणा यांचा बंदोबस्त आरेखनातच करावा लागतो. त्याहून अवघड प्रश्न पुरवठ्याचा आहे. नैसर्गिक वनांना हात न लावता हे लाकूड मिळवायचे, तर शेतातील वृक्षांकडेच वळावे लागेल. हरियाणातील यमुनानगरचा प्लायवूड उद्योग शेतकऱ्यांच्या पॉप्लर व निलगिरीवर चालतो, हे त्याचे जवळचे उदाहरण. मात्र प्लायवूडला चालणारे लाकूड तुळईला चालेलच असे नाही. प्रत्येक फळीची ताकद तपासून प्रतवारी झाल्याखेरीज कोणताही अभियंता तिच्यावर मजल्याचा भार टाकणार नाही.