गटवार आजवरची बेरीज
(कंधार तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



आपल्याकडील जुन्या आडत दुकानांत दोन वह्या असत. रोजकीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने लिहीत आणि मग तोच व्यवहार खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवीत. दिवस कसा गेला हे रोजकीर्द सांगे. कोणाकडे किती येणे उरले, हे खतावणी सांगे. आज आपण संगणकाच्या तक्त्यात जी माहिती भरतो ती बहुधा रोजकीर्दच असते. तिची खतावणी करण्याचे काम मागे राहते. त्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

उदाहरण पोषण आहाराचेच घेऊ. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली व पुढे आठवीपर्यंत वाढविण्यात आली. पहिली ते पाचवीच्या मुलास रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम तांदूळ, असे प्रमाण आहे.

समजा, एका शाळेत सोमवारी सकाळी लहान गटाचा ४० किलो व मोठ्या गटाचा ३० किलो तांदूळ आहे. लहान गटात तीन दिवसांत ६०, ५८ व ६२ मुले जेवली. खर्च ६, ५.८ व ६.२ किलो. मोठ्या गटात ४८, ५० व ४६ मुले जेवली, खर्च ७.२, ७.५ व ६.९ किलो. सर्व खर्चाची एकच बेरीज केली तर ती ३९.६ किलो होते व ३०.४ किलो शिल्लक दिसते. रोजचा खर्च सुमारे १३ किलो. म्हणजे दोन दिवसांची निश्चिंती वाटते.

आता गटवार पाहा. लहान गटाचा आजवरचा खर्च ६, ११.८, १८ असा चढत गेला. शिल्लक २२ किलो. मोठ्या गटाचा ७.२, १४.७, २१.६ असा गेला. शिल्लक अवघी ८.४ किलो. म्हणजे गुरुवारचे जेवण झाल्यावर शुक्रवारी मोठ्या मुलांच्या वाट्याचा तांदूळ पुरणार नाही. एकत्र बेरीज चुकीची नव्हती. परंतु तिने ही गोष्ट झाकून ठेविली.

संगणकात हे काम सोपे आहे. दिनांक, गट, खर्च व आजवरची बेरीज असे चार रकाने करावेत. नोंदी दिनांकाच्या क्रमाने असाव्यात. चौथ्या रकान्यात ‘समइफ’ हे सूत्र घालावे. त्याचा अर्थ इतकाच की, पहिल्या नोंदीपासून या ओळीपर्यंत, ज्या ओळींत हाच गट आहे तेवढ्यांचाच खर्च मिळवावा. पहिली ओळ डॉलर-चिन्हाने स्थिर करावी व चालू ओळ मोकळी सोडावी. म्हणजे सूत्र खाली उतरविताना बेरीज आपोआप वाढत जाते.

दोन सावधगिऱ्या पाळाव्यात. गटाचे नाव सर्वत्र एकाच प्रकारे लिहावे. एके ठिकाणी ‘६ ते ८’ व दुसरीकडे ‘सहावी ते आठवी’ लिहिले तर यंत्र ते दोन गट समजते. आणि शेवटी दोन्ही गटांच्या अखेरच्या बेरजा मिळवून पाहाव्यात. १८ आणि २१.६ मिळून ३९.६ आले, तर हिशेब जुळला.

हाच नियम हजेरीलाही लावावा. मुलगे व मुली यांची आजवरची हजेरी वेगळी ठेवली, तर कापूस वेचणीच्या दिवसांत कोणाची उपस्थिती घसरते आहे हे महिनाअखेरीपूर्वीच कळेल व त्या घरी वेळेवर जाता येईल. हिशेब केवळ तपासणीसाठी नसतो. आपल्या नजरेतून कोणते मूल सुटते आहे, हे कळण्यासाठी तो असतो.