हातानं शिकणाऱ्या मुलाला कुठं घालायचं?



निकालांचे दिवस आले की नव्वद टक्केवाल्यांचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर झळकतात आणि नापास झालेल्यांनी खचू नये म्हणून वर्तमानपत्रं लेख छापतात. या दोघांच्या मधे एक मुलगा असतो, त्याच्याबद्दल कुणी काही छापत नाही. अठ्ठावन्न टक्के, गणितात बेचाळीस. पण मिक्सर बंद पडला की हाच उघडतो, आणि बहुतेक वेळा तो पुन्हा चालूही होतो. गणपतीत मंडळाच्या देखाव्याची मोटार याच्याशिवाय फिरत नाही. त्याच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘याला हातानं करायची आवड आहे, तेव्हा इंजिनिअरिंगलाच घालू.’

या वाक्याशी माझं भांडण आहे.

बी.ई. मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाचं वेळापत्रक कधी पाहिलंय का? एम-वन, एम-टू म्हणजे गणित; शिवाय फिजिक्स, मेकॅनिक्स. वर्कशॉप आहे, पण आठवड्यातले काही तास. पुढं एम-थ्री, थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स. यात कॉलेजचा दोष नाही. ज्याला पूल किंवा इंजिन आखायचंय त्याला आकडेमोड आलीच पाहिजे. पण यंत्र उघडायच्या ओढीनं आलेला पोरगा चार वर्षं फळ्यावरची समीकरणं उतरवत बसतो, मागं राहिलेल्या विषयांच्या केट्या साठत जातात आणि शेवटी तो स्वतःला ढ समजायला लागतो. ज्या विषयात तो कच्चा होता, त्याच विषयाच्या दारातून आपण त्याला आत ढकललेलं असतं.

म्हणून ‘कुठली ब्रँच चांगली?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: आठवड्यातले किती तास हातात काम असतं, आणि त्या कामाला गुण किती? आयटीआयमध्ये निम्म्याहून बराच जास्त वेळ प्रात्यक्षिकाचा. तंत्रनिकेतनातल्या तीन वर्षांच्या डिप्लोमात ड्रॉइंग, प्रयोग आणि थिअरी यांची सरमिसळ. पदवीला थिअरीचं पारडं जड. हे कळण्यासाठी समुपदेशकाची फी भरावी लागत नाही. सूचनाफलकावर वेळापत्रक लावलेलं असतं.

आता जरा कडू बोलतो. मिक्सर उघडणं हे कुतूहल झालं. कसब वेगळं. फिटर ट्रेडच्या पहिल्या महिन्यांत मुलाच्या हाती यंत्र येत नाही, कानस येते. लोखंडाचा एक ठोकळा द्यायचा, तो कापायचा, घासायचा, गुण्यात आणायचा. मग व्हर्निअर लावायचा, ज्यात मिलिमीटरचा पन्नासावा भाग कळतो. माप गेलं की जॉब गेला, पुन्हा नवा ठोकळा. तळहाताला फोड येतात. चौथ्या दिवशी काही मुलं कंटाळतात आणि काहींना त्या पृष्ठभागाचं वेड लागतं. हा मुलगा हातानं शिकणारा आहे की नुसता अभ्यासाला कंटाळलेला, याचा निकाल त्या ठोकळ्यावर लागतो. आवड आहे म्हणून पाठवणाऱ्या आईबापांनी ही परीक्षा लक्षात ठेवावी. अभ्यास नको म्हणून आयटीआयला आलेला मुलगा तिथंही टिकत नाही.

‘पण आयटीआय म्हणजे तिथंच संपलं ना?’ असं नेहमी विचारलं जातं. संपत नाही. दोन वर्षांचा ट्रेड चांगल्या गुणांनी केला तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट आहे, आणि डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. मात्र डिप्लोमाहून आलेल्या मुलांना पदवीच्या वर्गात पहिला धक्का एम-थ्रीचाच बसतो, कारण बारावीचं आणि पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी त्या खोलीनं केलेलं नसतं. म्हणून या वाटेनं निघालेल्यानं रोज अर्धा तास गणित सोडू नये. कमी वेगानं, पण चालू ठेवावं.

हात म्हणजे फक्त स्पॅनर, असंही समजू नका. मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथं कृत्रिम पाय आणि कॅलिपर घडवण्याचं शिक्षण पदवीपर्यंत मिळतं. दातांच्या कवळ्या करणारा तंत्रज्ञ, पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा, मुद्रण, हॉटेलचं किचन, फळप्रक्रिया ही सगळी हाताचीच कामं. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे आणि डाय बनवायला शिकवतात. आपल्यापैकी कितीजणांनी ही नावं मुलांसमोर घेतली आहेत? बरं, मुलीसमोर? वेल्डिंगच्या ठिणगीला मुलगा-मुलगी कळत नाही, आपल्यालाच ते फार कळतं.

एक जुनं उदाहरण देतो. १८६९ साली गुर्लहोसूरला जन्मलेल्या एका मुलाचं शाळेत मन रमेना. चित्रकलेची आवड होती, म्हणून तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. तिथं उमगलं की त्याला रंगच नीट ओळखता येत नाहीत. म्हणजे निवडलेली ‘लाइन’ शरीरानंच बाद केली. पण रेघ पक्की होती. त्या रेघेवर तो यांत्रिक ड्रॉइंग शिकला, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागला, बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून भावाबरोबर बेळगावात सायकलच्या धंद्यात रमला. पुढं कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही गोष्ट आपण यशोगाथा म्हणून सांगतो. मला तिच्यातली माणसांची निवड महत्त्वाची वाटते. त्यांच्या कारखान्यातले कल्पक तंत्रज्ञ अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडलेली होती. मालकानं प्रमाणपत्र पाहिलं असतं तर हा माणूस दारातूनच परत गेला असता. मान्य, सगळेच काही किर्लोस्कर होत नाहीत. पण फळणीकरांसारखी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि आज त्यांना दारातून आत घेणारा मालक कमी सापडतो. त्यामुळे आता कागद लागतोच, हेही खरं.

दुसरं उदाहरण त्यामानानं अलीकडचं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेनं नाकारलेली मुलं तिथं वर्षभर राहून शेती आणि पशुपालन, वर्कशॉप, ऊर्जा, अन्न आणि आरोग्य असं सगळं हातानं करत शिकतात. गावाची खरी कामं घेतात, त्याचे पैसेही घेतात. गिऱ्हाईक पैसे देणार असलं की माप चुकवून चालत नाही. भूमिती तिथं छप्पर घालताना समजते. इतक्या वर्षांनंतरही आपली शाळा कार्यानुभवाच्या तासाला गणिताचे शिक्षक पाठवते, त्याला काय म्हणावं?

हातकामाकडं असं दुर्लक्ष होण्याचं मूळ अभ्यासक्रमात कमी आणि आपल्या डोक्यात जास्त आहे. सुतार, लोहार, चांभार यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या खालच्या पायरीवर बसवलं आणि पोथी वाचणाऱ्याला ओसरीवर. जातीनं केलेली ती वाटणी आज स्थळाच्या बायोडाटात दिसते. ‘मुलगा बी.ई. आहे’ असं सांगणारा बाप, तोच मुलगा तीन वर्षं घरी बसलाय हे सांगत नाही. टूल रूममधल्या मुलाचा बाप मात्र ‘कंपनीत आहे’ एवढंच म्हणून विषय बदलतो.

तरी मी गुलाबी चित्र काढणार नाही. आयटीआयनंतरचा पहिला पगार कमी असतो. काही कारखाने अ‍ॅप्रेंटिस म्हणून वर्षभर राबवतात आणि मुदत संपली की नमस्कार करतात. यावर उपाय म्हणजे नुसतं सर्टिफिकेट घेऊन न थांबणं. इलेक्ट्रिशियननं वायरमनचा परवाना काढावा, पुढं पर्यवेक्षकाचा आणि मग कंत्राटदाराचा, म्हणजे स्वतःची कामं घेता येतात. फिटरनं सीएनसी शिकावं. वेल्डरनं पाइपवर वेल्डिंगची चाचणी द्यावी. दर दोन वर्षांनी हाताला एक नवं काम यायला हवं.

 ऑनलाइन अर्ज भरण्याआधी एक दिवस सुट्टी काढा. मुलाला किंवा मुलीला घेऊन जवळच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जा, तिथून तंत्रनिकेतनात जा. प्राचार्यांच्या खोलीत बसू नका, मशीनजवळ उभे राहा. तिथल्या निदेशकांना विचारा, गेल्या वर्षीची मुलं आज कुठं आहेत. यंत्रं चालू आहेत की त्यांवर कापड टाकलंय, तेही बघा. आणि पसंतीक्रम मुलालाच भरू द्या.