घट्ट जागा आधी शोधा
(गेल्या गणेशोत्सवात बोरगाव येथे केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला माणूस. मंडळाने ‘जुन्या गाड्यांवर दोन शब्द बोला’ म्हटलं, म्हणून घरच्याच गाडीची हकीकत सांगतो.

१९७३ साली राज कपूर यांचा ‘बॉबी’ आला. त्यात ऋषी कपूर डिंपलला घेऊन जिच्यावरून फिरतो, ती बुटकी गाडी म्हणजे राजदूत जीटीएस १७५. लहान चाकं, टू-स्ट्रोक इंजिन. लोकांनी तिचं नावच ‘बॉबी’ ठेवलं. आमच्या अण्णांकडे तसली एक होती. निपाणीच्या तंबाखू बाजाराला त्यांच्या खेपा तिच्यावरूनच व्हायच्या. पुढे ती गोठ्याशेजारी पडून राहिली. अण्णांचे गुडघे गेले, बाहेर पडणं थांबलं. एक दिवस म्हणाले, “ती गाडी चालू कर. एकदा मळ्यापर्यंत जाऊन येऊ.”

मागचं स्प्रॉकेट झिजलं होतं. तसलं नवं मिळेना. दुसऱ्या गाडीचं घेतलं, एका लेथवर मधलं भोक वाढवून बसवलं. चाक फिरवलं की चेन एका जागी ताठ, दुसऱ्या जागी लोंबती. मी लोंबत्या जागी धरून चेन ओढली. ती करकरायला लागली आणि आठवड्यात तुटली. नवी आणून सैल ठेवली, तर सदलग्याच्या वाटेवर उतरली आणि मागचं चाक जाम झालं. मागे माझी मुलगी बसली होती. दोघंही पडलो. खरचटण्यावर निभावलं, ही बाप्पाची कृपा.

घरी येऊन मी चेनलाच शिव्या घालत होतो. अण्णा म्हणाले, “दोन चेन झाल्या. चाक नीट फिरवून बघितलंस का?” डिप्लोमावाल्याला हे ऐकावं लागलं, याची लाज वाटली.

मग पद्धतशीर सुरुवात केली. गाडी स्टँडवर, इंजिन बंद. चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चेनजवळ हात नेला तर बोट जातं. चेन ताठ झाली की त्या दात्यावर आणि त्या कडीवर खडूची खूण केली. दर फेऱ्याला तोच दाता आला तर दोष स्प्रॉकेटकडे. तीच कडी आली तर चेन असमान ताणलेली. आमच्याकडे दाता तोच येत होता. मग चेन काढून चाक हलवून पाहिलं. बेअरिंग ठीक होतं. स्विंग आर्मला तार बांधून तिचं टोक दात्याच्या तळाजवळ आणलं आणि चाक फिरवलं. फट एका बाजूला एक मिलिमीटरने वाढत होती. म्हणजे केंद्र अर्धा मिलिमीटर सरकलेलं. ऐकायला किरकोळ, पण तेवढ्याने चेनचा झोल एका जागी सेंटिमीटरभर, तर दुसरीकडे चारच्या वर जात होता.

कारण साधं होतं. स्प्रॉकेटचं भोक हबच्या गोल खांद्यापेक्षा एक मिलिमीटर मोठं पडलं होतं. स्प्रॉकेट नुसत्या बोल्टच्या भरवशावर होतं. आधी मी बोल्ट सैल करून लाकडी हातोडीने ठोकत ठोकत मध्यावर आणलं, समोरासमोरचे बोल्ट आवळले. पंधरा दिवसांत परत सरकलं. शेवटी भोक आणखी मोठं करून त्यात जाड रिंग दाबून बसवली, आणि तिचं भोक हबच्या मापाला काढून घेतलं. आता स्प्रॉकेट खांद्यावर घट्ट बसतं, बोल्टना फक्त धरून ठेवायचं काम. शेवटी चेन सर्वांत घट्ट जागी धरून झोल ठेवला आणि चाक पूर्ण फिरवून तपासला.

मित्रहो, आपल्या गावातली पोरं आता जुन्या गाड्या बाहेर काढतात. रंग, सीट, सायलेन्सर जरूर करा. पण त्याआधी अर्धा तास चाक हाताने फिरवा. मागे कुणाची तरी मुलगी, कुणाचे तरी वडील बसणार असतात.

दसऱ्याला अण्णांना मागे बसवून मळ्यापर्यंत नेलं. वाटेत ते काही बोलले नाहीत. बांधावर उतरल्यावर खाली वाकून त्यांनी चेनला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, “आता बरोबर आहे.”