दुकान मांडण्याआधी हिशेब मांडा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा आणि ज्वारीचा भाव हा आपल्या मेळाव्यांचा नेहमीचा विषय. आज त्याच्याच पोटातून निघालेला एक नवा प्रश्न घेऊन आम्ही तुमच्यासमोर उभे आहोत.

आपली शिकलेली पोरे गेल्या काही वर्षांत ऑनलाइन विक्रीच्या धंद्यात उतरली. कोणी ज्वारीचे पीठ विकतो, कोणी लाह्या, कोणी हळद, कोणी तूरडाळ. मोबाइलवर ऑर्डर येते आणि कुरिअरवाला खोके घेऊन जातो. आपला माल आपण विकायचा, हे धाडस पोरांनी केले याचे आम्हाला कौतुक आहे. त्यांतल्या काहींचे बरे चालले आहे. पण काही जण आज कर्जात आहेत आणि त्यांच्या तोंडी एकच भाषा आहे: "तालुक्याला दुकान टाकतो, म्हणजे सगळे रांगेला लागेल."

दुकान म्हटले की अनामत आली, फर्निचर आले, भरायला माल आला. पैसा नाही, म्हणून गोष्ट येते तीन एकरांवर बोजा चढवण्यापाशी. बापाला त्या धंद्यातले कळत नाही आणि पोराला नाही म्हणवत नाही. घराघरांत हे चालले आहे. म्हणून हा प्रश्न चारचौघांत काढला पाहिजे.

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. कर्ज फेडण्यासाठी दुकान टाकू नये. विकलेल्या प्रत्येक नगामागे चार पैसे उरत असतील तरच दुकानाचा विचार करावा, आणि तोही जमीन न गुंतवता. का, ते हिशेबाने सांगतो.

तेजीच्या भरवशावर काढलेले कर्ज

कर्ज कशाने झाले हे न पाहता त्यावर औषध शोधणे म्हणजे नाडी न पाहता पुडी बांधणे. कापूसवाल्यांना तर हा इतिहास पाठ असायला हवा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडकला आणि इकडच्या कापसाचा भाव कडाडला. सावकारांनी हात सैल सोडला, शेतकऱ्यांनी तेजीचा भाव कायमचा धरून कर्जे काढली. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज मात्र तसेच राहिले. वर सरकारने सारा वाढवला. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते यातूनच.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली. लोक घरात अडकले आणि घरबसल्या माल मागवू लागले. त्या दिवसांतला ऑर्डरींचा आकडा कायमचा धरून ज्याने यंत्र घेतले, गोदाम घेतले, माल भरून ठेवला, त्याने १८६५ ची चूक नव्या वहीत लिहिली. बाजार उघडले, गिऱ्हाईक पांगले, हप्ते राहिले. यात पोराचा आळस नाही आणि नशिबाचा खेळही नाही. तेजीतला भाव पाहून मंदीत फेडायचे कर्ज काढले, एवढाच त्याचा अर्थ.

उलटी पट्टी आता मोबाइलवर येते

भाजी मुंबईला पाठवली आणि वाहतूक, हमाली, तोलाई, अडत वजा जाता शेतकऱ्याकडेच पैसे निघाले, अशी उलटी पट्टी आपल्यातल्या कित्येकांनी पाहिली आहे. ऑनलाइन धंद्यातही पट्टी असते. ती मोबाइलवर येते आणि तिच्यातल्या कपातींची नावे इंग्रजी असतात, एवढाच फरक.

समजण्यासाठी आकडे धरू. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच. दोन किलो ज्वारीच्या पिठाचे पाकीट २०० रुपयांना विकले. ज्वारी बाजारभावाने ७० रुपयांची. ती घरची म्हणून फुकट धरायची नाही. शेतात राबलेल्या माणसाला शून्य भाव देऊन धंदा फायद्यात दाखवायचा असेल, तर आजवर सरकारने आपल्याशी जे केले तेच पोरगा बापाशी करतो आहे, असे म्हणावे लागेल. निवडणे, दळणे १२ रुपये. पिशवी, खोके, चिकटपट्टी १८. झाले १०० रुपये. कंपनीचे कमिशन आणि कुरिअर मिळून ८०. लेबल लावलेल्या पाकीटबंद पिठावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याचे धरा १०. खर्च १९०, उरले १० रुपये.

पण दहातले एक पाकीट परत येते. गिऱ्हाईक दार उघडत नाही किंवा नको म्हणते. पंधरा दिवस फिरून पाकीट घरी येते ते फाटके, आतले पीठ वास मारते. परतीचे ६० रुपये गेले आणि १०० रुपयांचा माल गेला. नऊ पाकिटांनी ९० रुपये दिले, दहाव्याने १६० नेले. दहा पाकिटांमागे ७० रुपयांचा खड्डा, आणि जाहिरातीचा खर्च अजून धरलेलाच नाही. अशा धंद्यात विक्री दुप्पट झाली की तोटा दुप्पट होतो. पोरगा म्हणतो, "विक्री वाढते आहे." वाढते ते कर्ज.

आणखी एक. कंपनी आपल्या पैशातून जीएसटीपोटी अर्धा टक्का (१० जुलै २०२४ पूर्वी एक टक्का) आणि आयकरापोटी शंभराला दहा पैसे (१ ऑक्टोबर २०२४ पूर्वी एक रुपया) कापून सरकारात भरू शकते. ही कपात आपल्या नावावर जमा असते. विवरणपत्र वेळेवर भरले नाही तर ती तिथेच पडून राहते. आधी ती काढा.

दुकानाचे गणित

आता हेच पीठ तालुक्याच्या दुकानात ठेवू. कमिशन नाही, कुरिअर नाही, खोके नाही, सुटे विकले तर जीएसटी नाही. खर्च ८५ रुपयांवर आला. पण तालुक्यात दोन किलोला २०० कोण देईल? ११० धरा. पाकिटामागे २५ रुपये उरले. पोराचे डोळे चमकतात ते इथे.

आता दुसरी बाजू. भाडे ६,०००, वीज १,०००, बसणाऱ्याची मजुरी ८,०००, किरकोळ १,०००. महिन्याचे १६,००० झाले. बसणारा घरचा असला तरी त्याची मजुरी धरायचीच. जुने कर्ज चार लाख, शेकडा दोन रुपये महिन्याने व्याज ८,०००. एकूण २४,०००. ते २५ रुपयांनी भागा. महिन्याला ९६० पाकिटे, रोजची ३२, आणि तेव्हा फक्त व्याज भागते. मुद्दलाचा एक रुपया फिटत नाही आणि घरात मिठाचा खडाही येत नाही.

ज्वारीच्या मुलखात, जिथे घरोघर ज्वारीचे पोते आणि गल्लीत गिरणी आहे, तिथे रोज ३२ पाकिटे पीठ कोण नेणार? ज्यांना विकतचे पीठ लागते ते राहतात मोठ्या शहरात, आणि तिथले भाडे कैक पट.

आणि उधारी? ऑनलाइन धंद्यात कितीही खोट असली, तरी गिऱ्हाईक उधार मागत नाही. गावचे दुकान म्हणजे उधारीची वही. सोयरा येतो, मास्तर येतात, पुढारी येतो. "कापूस निघाला की देतो" हे वाक्य आपणच दुकानदाराला किती वेळा ऐकवले आहे! जो आधीच देणेकरी आहे त्याने उधारीवर विकायचे, म्हणजे दोन रुपये शेकड्याने पैसा आणून बिनव्याजी वाटायचा.

मग दुकान कोणी टाकावे?

दुकान वाईट असे आमचे म्हणणे नाही. ज्या मालाला दुकान लागते त्यालाच ते लागते. सरकीच्या ढेपेचे पोते कोणी कुरिअरने मागवील काय? जड आणि स्वस्त माल दुकानातच खपतो. हलका, महाग आणि सगळीकडे न मिळणारा माल लांब पाठवायला परवडतो. लेन्सकार्ट या कंपनीने २०१० साली इंटरनेटवर चष्मे विकायला सुरुवात केली आणि पुढे देशभर दुकाने काढली. डोळे तपासायचे आणि चष्मा नाकावर बसतो का पाहायचे, तर गिऱ्हाईक समोर लागते. कर्ज बुडवायला ती दुकाने निघाली नाहीत.

उलटे उदाहरणही घ्या. अॅमेझॉनने २०१५ साली अमेरिकेत सिअॅटल शहरात पुस्तकांचे दुकान उघडले, मग आणखी उघडली. २०२२ साली ती सगळी बंद करण्याचे जाहीर केले. एवढ्या मोठ्या कंपनीने करून पाहिले, जमले नाही, कुलूप लावले. तिची जमीन गेली नाही, तिच्या दारात वसुलीवाला बसला नाही. खरा धडा हाच. ज्याला धंदा बंद करता येतो त्यानेच तो करून पाहावा. शेतकऱ्याला शेती बंद करता येत नाही, म्हणून तोट्यात पिढ्या गेल्या. आता सुटका म्हणून जो धंदा धरला, त्याच्या गळ्यात सातबारा बांधून तोही बंद न करता येणारा करून ठेवायचा, हे कसले शहाणपण?

मधली वाट

हातातल्या कर्जाचे काय? आमच्या समजुतीप्रमाणे क्रम असा असावा.

पहिले, तोट्याचे नग आजच बंद करा. दहा वस्तूंपैकी दोनच पैसे देत असतील तर दोनच विका. पडून असलेला माल मिळेल त्या भावात काढा. गोदामातला माल रोज व्याज खातो.

दुसरे, सर्व देणी एका कागदावर लिहा आणि ज्याचे व्याज जास्त ते आधी फेडा. मोबाइलवरच्या झटपट कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी वर्षाचा एकूण दर लिहून देणे बंधनकारक केले आहे. तो कागद मागा आणि वाचा. पीककर्जाचा पैसा धंद्यात वळवू नका. ते वेळेत फेडणाऱ्याला व्याजात सवलत आहे, थकले की ती जाते. गावात विनापरवाना सावकारी करणाऱ्याला दबू नका. २०१४ च्या सावकारी कायद्याने ती गुन्हा आहे. अशा व्यवहारात जमीन गेली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

तिसरे, दुकानाचा मोह असेल तर आधी बिनभाड्याचे दुकान करून पाहा. आठवडी बाजारात पाल ठोका. शहरातल्या एखाद्या चालू किराणा दुकानात कमिशनवर एक फळी मागा. चार पोरे मिळून एक गाळा घ्या. सहा महिने रोजची रोख विक्री लिहा. तो आकडा भाडे, मजुरी आणि व्याज भागवून वर उरला, तर त्या उरलेल्या पैशातून दुकान टाका. आम्ही नारळ फोडायला येऊ. नाही उरला, तर सहा महिने गेले पण जमीन राहिली.

बाया-बापड्यांना एक सांगणे. पोराने धंदा बंद केला तर त्याला नामुष्की म्हणू नका. भावकी काय म्हणेल या धाकाने पोरगा तोटा लपवतो, एका कर्जावर दुसरे काढतो आणि एक दिवस तोंड लपवायला जागा उरत नाही. या भागात अशा एकटेपणाची किंमत किती घरांनी मोजली, हे सांगण्याची गरज नाही. व्यापाऱ्याचे पोरगे एक दुकान बंद करून दुसरे उघडते तेव्हा लोक त्याला अनुभवी म्हणतात. आपल्या पोरालाही तो मान द्या.

पुढच्या महिन्यात तालुक्याच्या बैठका आहेत. ज्या घरात असा धंदा आहे त्यांनी मोबाइलवरच्या पट्ट्या कागदावर उतरवून आणाव्यात. हिशेब कळणारे आपलेच कार्यकर्ते शेजारी बसून नगागणिक हिशेब लावून देतील. कोणाचे नाव पुकारले जाणार नाही. उत्पादनखर्च मोजायला शिकलो तेव्हा आपल्याला आपल्या गरिबीचे कारण कळले. तीच फूटपट्टी आता पोरांच्या धंद्याला लावायची आहे. तोवर कोणीही सातबाऱ्यावर नवा बोजा चढवायच्या कागदावर अंगठा किंवा सही करू नये, एवढे वचन आज या मेळाव्याने द्यावे.